सतरावा नियम

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातल्या संगणकाने चिठ्ठीताईला एक साधासुधा प्रश्न विचारला. प्रश्न पडद्यावर एका पांढऱ्या चौकोनात, अगदी नम्र भाषेत लिहिलेला होता. ‘मेकॅनिक ओळंबा यांना चार मजल्यांहून उंच इमारतीतल्या लिफ्टची तक्रार दिली जात नाही. सात वर्षे, दोन हजारांहून अधिक चिठ्ठ्या, अपवाद एक. तुम्ही सांगितलेल्या सोळा नियमांत हा नियम नाही. कारण आढळले नाही. कारण लिहा किंवा नियम काढून टाका.’ खाली दोन बटणं होती, एक हिरवं, एक करडं. शेजारच्या खुर्चीवर तिची भाची पाय वर घेऊन बसली होती. ती कौतुकाने म्हणाली, बघ मावशी, तू सांगितलं नाहीस तरी त्याने शोधून काढलं. चिठ्ठीताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. प्रश्न होता तिथेच होता. सात वर्षं तिने ज्या गोष्टीची कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती ती ह्या चौकोनाने शनिवार-रविवारच्या सुट्टीत बसल्या बसल्या ओळखली होती, आणि वर तोंड करून कारण विचारत होता.

कंपनी लिफ्टच्या देखभालीची. सव्वादोनशे इमारतींच्या लिफ्ट तिच्या गळ्यात आणि मेकॅनिक अवघे नऊ. आलेल्या तक्रारी सकाळी वाचायच्या, कुठली कुणाला द्यायची ते ठरवायचं, प्रत्येकाची चिठ्ठी छापून ज्याच्या त्याच्या हातात ठेवायची, मग त्या त्या इमारतीला निरोप पाठवायचा की मेकॅनिक निघाले आहेत, मेकॅनिक पोचले आहेत, काम झाले आहे. एकोणतीस वर्षं हे तिचं काम होतं आणि त्यापायी तिचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं होतं. ‘मेकॅनिक निघाले आहेत’ हे वाक्य तिने जन्मात इतक्या वेळा टाइप केलं होतं की झोपेतसुद्धा तुझी बोटं उशीवर तेच टाइप करत असतील, असं भाची म्हणायची. उजव्या मनगटाला दोन वर्षांपासून पट्टा होता. त्यामुळे भाचीने हे नवं खूळ काढलं तेव्हा विरोध करावा असं तिच्या मनातही आलं नाही. उलट मालकाकडे शब्द तिनेच टाकला. मोठ्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून भाचीने लहानसहान धंद्यांची रोजची तीच ती कामं एआयच्या गळ्यात बांधून देण्याचा उद्योग मांडला होता. त्यात कोड लिहायला लागत नव्हता. पडद्यावर चौकोन ओढायचे, बाणांनी एकमेकांना जोडायचे आणि काय हवं ते चौकोनात आपल्या रोजच्या भाषेत लिहायचं. पहिलं गिऱ्हाईक मावशीची कंपनी. दुसरं अजून मिळायचं होतं, आणि ते पहिल्याच्या शिफारशीवर मिळणार होतं, हे दोघींनाही न बोलता माहीत होतं.

पहिल्या दिवशी भाचीने विचारलं होतं, तू रोज सकाळी नेमकं काय करतेस? चिठ्ठ्या लिहिते, ती म्हणाली. म्हणजे काय करतेस? आता चिठ्ठ्या लिहिते म्हणजे चिठ्ठ्या लिहिते, त्यात आणखी काय सांगायचं! पण पोरगी हट्टी, थेट आईवर गेलेली. ही तक्रार ह्यालाच का, त्याला का नाही, असं एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून खोदत गेली आणि आपल्या डोक्यात काय काय वस्तीला आहे ते चिठ्ठीताईला सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. दवाखाना सगळ्यांत आधी, मग शाळा, मग राहती घरं, ऑफिसं शेवटी. ऑफिसातल्या माणसांना उशिराला निमित्त मिळालं तर ती मनातून खूशच असतात. आपसांत अबोला धरलेल्या दोन मेकॅनिकना एका इमारतीवर पाठवायचं नाही, अबोला कशावरून धरला ते दोघंही विसरले असले तरी. पुलाजवळच्या इमारतीतले सेक्रेटरी पाऊण तास बोलल्याशिवाय कागदावर सही करत नाहीत, तिथे कानाने अधू असलेला मेकॅनिक द्यायचा. एकाला बोलायला मिळतं, दुसऱ्याला काही ऐकावं लागत नाही. ज्याच्या घरी तान्हं मूल आहे त्याला पहिली तक्रार घराजवळची, म्हणजे बिचारा अर्धा तास जास्त झोपेल. असे सोळा नियम निघाले. भाचीने ते एकेका चौकोनात बसवले, बाण जोडले, आणि चिठ्ठीताईला आपलंच घर समोरच्याच्या गच्चीवरून बघितल्यासारखं वाटलं. इथे आपण राहतो होय, बरं दिसतंय की, असं. त्या संध्याकाळी ती उगाचच खुशीत घरी गेली. रोजच्या चाळीस निरोपांतला एकही आता तिला टाइप करावा लागणार नव्हता आणि तिच्यातलं जे काही शहाणपण होतं ते चौकोनांत नीट घडी करून ठेवलेलं होतं.

सतरावा नियम ती विसरली नव्हती. तो तिने गिळला होता. भाचीने तेव्हा ओळंब्याच्या चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलंसुद्धा होतं, ह्यांना नेहमी ह्या बुटक्या इमारती का गं? आणि तिने ‘असंच, त्यांना तो भाग माहितीतला आहे’ असं म्हणून पान उलटलं होतं. कुणी आपल्या कपाटातला एकच कप्पा उघडायला गेलं की माणूस कसं घाईघाईने दुसराच उघडून दाखवतं, तसं. मग भाचीने सात वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या यंत्राला वाचायला दिल्या आणि तिला वाटलं, चिठ्ठ्यांत काय असतं? नाव, पत्ता, तक्रार. कारण थोडंच असतं. यंत्राला कारण सापडणार नाही हे तिने बरोबर ओळखलं होतं. ज्याला कारण सापडत नाही तो ते विचारतो, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

कारण सात वर्षांपूर्वीच्या एका दुपारी घडलं होतं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टच्या कंपनीत दिव्याखाली अंधार म्हणून सगळे हसायचे. ती बाहेरून येऊन जिना चढत होती आणि वळणावरच्या चौकात ओळंबा बसला होता. उंच, सडसडीत, काठीसारखा ताठ माणूस. लिफ्टचे रूळ सरळ उभे आहेत की नाही ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा त्याच्या हातात कायम, म्हणून ते नाव पडलेलं. तो डाव्या गुडघ्यावर दोन्ही हात दाबून, डोळे मिटून बसला होता. तिच्या पावलांचा आवाज आल्याबरोबर त्याने झटक्यात वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. त्या बुटांना नाडी नव्हती. बिननाडीच्या बुटावर त्याची बोटं काही क्षण फिरत राहिली, आणि ती, कशी कोण जाणे, ‘जपून हं, जिना ओला आहे’ असं म्हणाली. जिना खडखडीत कोरडा होता. ती वर आली, खुर्चीवर बसली, पाणी प्यायली. लिफ्ट बंद पडली की मेकॅनिकला तिच्या मोटरच्या खोलीत जावं लागतं, खोली असते गच्चीवर, आणि लिफ्ट तर बंद. लिफ्टवाल्याच्या नशिबी जन्मभर जिने. दुसऱ्या दिवशी तिने त्याला तीन मजल्यांची इमारत दिली. तिसऱ्या दिवशी दोन. चिठ्ठी देताना ती त्याच्याकडे बघायची नाही, घेताना तो तिच्याकडे बघायचा नाही. तो म्हणायचा, येतो ताई. ती म्हणायची, या. सात वर्षांत त्या विषयावर दोघांत झालेलं हे एवढं बोलणं. तरी त्या छोट्या इमारती शोधून काढायला तिला किती खटपट करावी लागायची! कधी कधी सकाळी एकही बुटकी तक्रार नसायची, तेव्हा ती एखाद्या तीन मजली इमारतीला स्वतः फोन करून विचारायची, तुमच्या लिफ्टचा आवाज येतो का हो? आवाज कुणाच्या लिफ्टचा येत नाही? येतो, ते म्हणायचे, आणि ती आनंदाने तक्रार लिहून घ्यायची.

भाचीने आता समजावून सांगायला सुरुवात केली होती. कारण लिहिलं तर नियम राहील, पण मालकांना यादीत दिसेल. नियम काढला तर उद्या सकाळी सातला चिठ्ठ्या आपोआप सगळ्यांच्या फोनवर जातील आणि ओळंब्याला इतरांसारखं जे येईल ते येईल. कारण कोरं ठेवता येत नाही. मालक आज चारला बघायला येतायत ना, त्याआधी ठरव. चिठ्ठीताई ऐकत होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. मग भाची म्हणाली, आणि हा एक अपवाद कसला आहे, चौदा मजले दिलेत त्या दिवशी, थांब तारीख बघते. तारीख उघडली. भाचीने पाय खुर्चीवरून खाली घेतले. ती तारीख ह्या दोघींपैकी कुणालाही शोधावी लागत नव्हती. त्या दिवशी पहाटे चिठ्ठीताईची बहीण, भाचीची आई गेली होती, आणि चिठ्ठ्या मालकाने लिहिल्या होत्या. ती रजेवर जायची ती ओळंब्याची चिठ्ठी आदल्या दिवशीच तयार करून; हा एकच दिवस न सांगता आला. दवाखान्याच्या लांबच लांब बोळात, भिंतीला टेकून, भाचीचं डोकं खांद्यावर घेऊन बसलेली असताना मधेच तिच्या मनात आलं होतं की आज ओळंब्याला मालकाने कुठे पाठवलं असेल. सख्खी बहीण आत पांढऱ्या चादरीखाली आणि हिला परक्या माणसाच्या गुडघ्याची काळजी. ह्याची लाज तिला चार वर्षं वाटत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने घरून फोनवर चिठ्ठ्या सांगितल्या होत्या, आणि भेटायला आलेली माणसं एकमेकांकडे बघून काय ही बाई असं म्हणाली होती.

भाची हळूच म्हणाली, "मावशी, हे काय आहे ते मला सांगतेस?"

तिने सांगितलं. सांगायला चार वाक्यं पुरली, ह्याचंच तिला आश्चर्य वाटलं. कामाची माणसं करतात तसं भाचीने ताबडतोब उपाय काढला. आपण लिहू, ‘भागाची माहिती असल्यामुळे’. यंत्र खरं-खोटं तपासत बसत नाही. चिठ्ठीताईला पटलं असतं, पण मालकाचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. मालक वाईट नव्हता. शाळेच्या दप्तरासकट ह्याच टेबलाखाली लपून बसायचा तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. पण तो सरळ रेषेत विचार करणारा होता. दोन वर्षांपूर्वी एका मेकॅनिकचा हात थरथरायला लागला. त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण काम करताना तो शिट्टी वाजवायचा. मालकाने मोठ्या मायेने त्याला गोदामात बसवलं, सुटे भाग मोजायला. तुमच्या भल्यासाठी, काका, असं म्हणून. गोदामात शिट्टी कधी ऐकू आली नाही आणि तीन महिन्यांत माणूसच आला नाही. ओळंब्याच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मालकाने यादी वाचली असती, भागाची माहिती म्हणजे काय असं विचारलं असतं, आणि ताठ मानेचा तो माणूस त्याच्या भल्यासाठी गोदामातल्या स्टुलावर जाऊन बसला असता. आणि कारण न लिहावं तर उद्या सकाळी चौदा मजले. तिला वाटलं, आपण ह्या पोरीला इथे आणलंच का! लगेच पोरीकडे बघून तिला तसं वाटल्याचंही वाईट वाटलं.

तेवढ्यात भाचीने, मदत म्हणूनच, पडद्यावर एक आलेख काढून ठेवला. ओळंब्याच्या वाटचे उंच मजले गेले कुणाकडे? नऊ उभ्या पट्ट्यांत एक पट्टी सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेली होती. पिंप. आकाराने जाडजूड आणि स्वभावाने हसरा म्हणून पिंप. दिलेल्या चिठ्ठीला जन्मात नाही म्हणाला नव्हता. चिठ्ठीताई त्या पट्टीकडे बघत राहिली. सात वर्षं ती एका गुडघ्याचा विचार करत होती. मेकॅनिक नऊ होते म्हणजे गुडघे अठरा होते, हे तिने कधी मोजलंच नव्हतं. पिंप तेव्हा चाळिशीचा होता, आता पंचेचाळीस ओलांडून गेला असेल. गेल्या वर्षी तो एकदा वर आल्यावर दाराला टेकून बराच वेळ धापा टाकत होता आणि ती म्हणाली होती, वजन कमी करा हो. तो हसला होता. आता ते हसणं आठवून तिची कानशिलं तापली. आपण स्वतःला मायाळू समजत होतो, आणि माया करायची म्हणजे एकाच्या पायातला काटा काढून दुसऱ्याच्या पायात रुतवायचा, हे इतकं सोपं असतं होय? यंत्राने तिला बोल लावला नव्हता. त्याने नुसती एक पट्टी काढली होती. पण भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या, मोटरच्या खोल्यांच्या सव्वादोनशे किल्ल्यांकडे तिला मान वर करून बघवेना.

"त्यांनाच विचार की," भाची म्हणाली. सात वर्षांत हे तिला सुचलं नव्हतं.

ओळंबा एकच्या सुमाराला आला. दोन मजली शाळेच्या लिफ्टचं दार मधेच उघडत होतं, त्यासाठी दाराचा सेन्सर न्यायला. सेन्सर घेऊन तो निघाला तशी ती उठली आणि त्याच्या मागोमाग जिन्यात गेली. वळणावर तिने त्याला थांबवलं. कसं बोलावं ते तिने मनात तीन-चार प्रकारे जुळवलं होतं, त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

"तुमच्या डाव्या गुडघ्याबद्दल बोलायचंय," ती म्हणाली.

हातातलं खोकं त्याने कठड्यावर ठेवलं आणि पायरीवर बसला. सरळ, दोन्ही पाय दुमडून, कुठेही हात न टेकता. ते तिने पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला लागेपर्यंत तो बोलून गेला होता.

"तो बरा झाला ताई. साडेपाच वर्षं झाली."

लेकीच्या नव्या घराचं काम आहे म्हणून त्याने एकदा महिन्याची रजा घेतली होती. घर-बीर काही नव्हतं. लेकीच्या गावी जाऊन गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. परत आला तो जिने दोन-दोन पायऱ्या घेत चढण्याइतका धड होऊन. पहिल्याच दिवशी सांगणार होता. पण तिने चिठ्ठी हातात दिली, अडीच मजल्यांची. अर्धा मजला कुठून शोधून काढलात ते मला अजून कळलेलं नाही, तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं. तिला आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे साडेपाच वर्षांच्या सकाळी उभ्या राहिल्या, त्या सगळ्या फोनसकट, तुमच्या लिफ्टचा आवाज येतो का हो. आणि तिकडे पिंप चढतोय. तिचा आवाज चढला, आणि पिंपाचं नाव घेऊन तिने ह्या ताठ माणसाला सात वर्षांत पहिल्यांदा फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, माझं दुपारी तीनला आटपायचं, तुम्ही कामच तेवढं देत होता. मग मी त्याच्याकडे जायचो. तो खालचे दरवाजे बघायचा, मी वरची मोटर. चिठ्ठीवर नाव त्याचं, पाय माझे. रोज नाही, पण आठवड्यातून चारदा तरी.

"म्हणजे पिंपाला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

"तुम्ही आणि मालक सोडून."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. झाकली मूठ म्हणून जी सात वर्षं जपली ती नऊ माणसं रोज सकाळी उघडी बघत होती आणि तिची हौस मोडायला नको म्हणून येतो ताई म्हणत होती. तिला राग यायला हवा होता, तो येऊन गेलाही असेल. पण वर टेबलावर बसलेल्या त्या यंत्राची तिला दया आली. बिचाऱ्याने सात वर्षांच्या चिठ्ठ्या वाचून काढल्या होत्या, एकूण एक, आणि त्यांत लिहिलेलं बरंचसं तसं घडलंच नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीत?" ती म्हणाली. "एका शब्दाचं काम होतं."

त्याने जिन्याच्या भिंतीवरचा एक पोपडा नखाने काढला. "एकदा सांगायला निघालो होतो," तो म्हणाला. "तुमची बहीण गेली त्या दिवशी मालकांनी मला चौदा मजले दिले. चढलो मी, काही झालं नाही. वर पोचलो आणि ठरवलं, ताई आल्या की सांगून टाकायचं, पुरे झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून फोन केलात. मालक म्हणाले, ताईंनी सगळ्यांत आधी तुमचीच चिठ्ठी सांगितली. दोन मजले. घरात माणूस गेलेलं, आणि सकाळी उठून पहिला विचार माझ्या पायाचा. माझी बायको गेल्यापासून असा विचार कुणी केला नव्हता ताई. मग माझ्याच्याने बोलवेना. आजही बोललो नसतो. तुम्हीच विषय काढलात."

चिठ्ठीताईला चार वर्षं ज्याची लाज वाटत होती ते दुसऱ्या कुणीतरी इतकं जपून ठेवलेलं असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला ह्या माणसाची फार माया वाटत होती. आज नाही, सात वर्षं वाटत होती, आणि ती सांगायला तिला दोन-तीन मजल्यांच्या इमारतींशिवाय दुसरे शब्द कधी सापडले नव्हते. घेणाऱ्यानेही त्या इमारती निमूट घेतल्या होत्या, पाय धड असताना. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. दोघंही दचकली, पण उठलं मात्र कुणीच नाही. थोड्या वेळाने तिने त्याला सतराव्या नियमाबद्दल सांगितलं, हिरवं बटण, करडं बटण, चार वाजता मालक, सगळं. तो म्हणाला, काढून टाका. ती म्हणाली, उद्यापासून ते यंत्र तुम्हाला कुठेही पाठवेल, त्याला तुमच्या पायाचं काही सोयरसुतक नाही. असू दे, तो म्हणाला, पाय माझा चांगला आहे, आणि पिंपालाही आता पोट बरंच सुटलंय, त्यालाही थोडे जिने चढू देत. मग त्याने कठड्यावरचं खोकं उचललं, उभा राहिला, आणि सवयीने म्हणाला, येतो ताई. तिनेही सवयीने म्हटलं, या. तो दोन-दोन पायऱ्या घेत खाली गेला. तो असा उतरू शकतो हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं आणि तिला आनंदासारखं काहीतरी वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ, काही हरवल्यासारखं.

वर येऊन तिने करडं बटण दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की काढायचा? हो, तिने पुन्हा दाबलं. भाचीने तिच्या मनगटावरचा पट्टा नीट केला. चार वाजता मालक आला, सोळा नियम वाचले, पुलाजवळच्या सेक्रेटरींच्या नियमाला खो खो हसला, तिथे आपण स्वतः एकदा सव्वा तास अडकलो होतो म्हणाला, आणि भाचीला त्याने आपल्या दोन मित्रांचे नंबर दिले, त्यांचेही असेच धंदे आहेत म्हणून. जिना उतरताना भाची गुणगुणत होती. चिठ्ठीताईने तिच्या हाताला धरलं होतं, आणि तिला आपल्या बहिणीची फार आठवण येत होती. पण आज त्या आठवणीच्या कडेला लाजेचा तो जुना दोरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या सातला गेल्या. ती घरी चहा गाळत होती तेव्हा, तिला न विचारता, नऊच्या नऊ. साडेआठला ती ऑफिसात आली तर किल्ल्या नेऊन झाल्या होत्या आणि खोलीत कुणी नव्हतं. तिने छपाईच्या यंत्रात कागद भरला, मग कशाला भरला असं वाटून काढून ठेवला. पडद्यावर ओळी आपोआप खाली सरकत होत्या. निघाले आहेत. पोचले आहेत. तिच्या जन्माची वाक्यं, आणि मनगट मांडीवर स्वस्थ पडलेलं. पिंपाला शाळा मिळाली होती, दोन मजले. ओळंब्याला चौदा. यंत्राने त्याला पहिल्याच दिवशी कंपनीकडची सगळ्यांत उंच इमारत दिली होती, आणि ह्यात ना त्याचा राग होता ना लोभ. नऊ वाजून बावन्न मिनिटांनी ओळ आली, ओळंबा, पोचले आहेत. ती वाचून झाली न झाली तोच टेबलावरचा फोन वाजला.

"पोचलो," तो म्हणाला. वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे गच्चीवरूनच बोलत असणार.

"कळलं," ती म्हणाली. "यंत्राने कळवलं."

"ते त्याला कळवलं. तुम्हाला वेगळं कळवतोय."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. बोलायला काही नव्हतं आणि फोन ठेवायची इच्छा नव्हती. तिकडूनही कुणी ठेवत नव्हतं. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, अगदी संथ, घरातल्या घरात फिरून आलेल्या माणसाचा असतो तसा.

"गुडघा कसा आहे?" तिने विचारलं.

"दुखतोय थोडा," तो म्हणाला.

हे धादांत खोटं होतं. चिठ्ठीताईने खुर्ची पुढे ओढली आणि नीट बसली.

"मग बसा पाच मिनिटं तिथेच," ती म्हणाली. "मी आहे फोनवर."